पेन भरण्याचा मान

बाकी जगात मुलाकडची मंडळी पोहे खायला मुलीच्या दारी जातात. उंद्रीत रामरावांकडे मात्र उलटी गंगा. तिथे मुलगीच गाडीत घालून आणावी लागायची, कारण त्यांच्या घरातला पेन उंबरठा ओलांडत नाही. मुलीनं त्या पेननं कागदावर श्री काढायचा, खाली स्वतःचं नाव लिहायचं, गावाचं नाव लिहायचं. पेन नीट चालला तर सोयरीक पक्की. पेन ओकला तर मुलीनं चहा संपवून आल्या वाटेनं परत जायचं.

ओकला हा त्यांच्या घरातला शब्द. दुसऱ्यांकडे पेन गळतो, डाग पाडतो. यांच्याकडे तो ओकतो, आणि नको ती मुलगी त्याला बरोबर कळते असा समज. पेन रामरावांच्या वडिलांचा, किसनरावांचा. त्या खानदानात अक्षर काढणारा पहिला माणूस तो. काळा, जाड, पोटात ड्रॉपरनं शाई भरायचा पेन. "पेन खोटं बोलत नाई," असं किसनराव म्हणायचे म्हणे. कशाबद्दल म्हणायचे ते आता कुणालाच ठाऊक नाही. रामरावांनी त्याचा देव करून देव्हाऱ्यात बसवला, आणि पाहुणे आले की ते पंधरा मिनिटं त्याची कथा सांगायचे. चांगली शिकलेली माणसंसुद्धा मान डोलवायची. शेत मोठं असलं की मूर्खपणालाही परंपरा म्हणतात.

त्या घरात खरं काय ते एकट्या वच्छलाबाईंना माहीत होतं. वच्छलाबाई म्हणजे रामरावांच्या पत्नी. त्या नवीन सून होत्या, पेनाला अजून देवपण आलं नव्हतं, तेव्हा तो सारखा डाग पाडतो म्हणून सासऱ्यांनी त्यांना चिखलीला पिटाळलं होतं. तिथे फारुखभाईंचं घड्याळ आणि पेन दुरुस्तीचं दुकान होतं. फारुखभाईंनी निब उपसली आणि तिच्याखालची काळी जीभ काढून तळहातावर ठेवली.

"पेनले काई झालं नाई, बाई," ते म्हणाले. "हे जीभ पाहा. हिच्यात बारीक नाली हाय. शाईचा थेंब खाली उतरला का तेवढीच हवा वरतं जाते. हवा आत नाई गेली त शाई बाहेर येत नाई. जेवढं घेते तेवढंच देते. अन् हे खालतचे दाते पाहा. जादा शाई आली त हेच धरून ठेवते."

"मंग ओकते काऊन?"

"तुमी शाई कमी भरता. मंग पोटात सगळी हवाच. हाताची गरमी लागली का हवा फुगते अन् शाईले ढकलते. दाते धरून धरून किती धरतीन? गळ्यालोक भरा, नाई ओकणार. अर्धा पेनच तरास देते."

दुसरी कुणी असती तर घरी येऊन तिनं हे सगळ्यांना सांगितलं असतं. वच्छलाबाईंनी ते पदराच्या गाठीला बांधलं. पुढे सासरे गेले, पेन देव्हाऱ्यात गेला, आणि त्याला धुण्याचा, भरण्याचा मान वच्छलाबाईंनी स्वतःकडे घेतला. घरात दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. रामराव बायकोकडे बोट दाखवून लोकांना कौतुकानं सांगायचे, "आमच्याकडं पेन फक्त हेच भरते."

ज्या मुलीला हो म्हणायचं तिच्यासाठी वच्छलाबाई पेन गळ्यापर्यंत भरायच्या. जिला नको म्हणायचं तिच्यासाठी तळाला जेमतेम शाई. वरून पेन सकाळपासून माठाखालच्या ओल्या वाळूत गार करत ठेवायच्या. पाहण्याचे कार्यक्रम सगळे उन्हाळ्यात. घाबरलेली मुलगी, घामेजलेली मूठ, वर पत्र्याचा ताप. पेन तिच्या हातात दिला की वच्छलाबाई प्रेमानं म्हणायच्या, "थांब व माय, कागद आणतो." आणि आत जाऊन निवांत पाणी प्यायच्या. तोपर्यंत पेन हातात तापायचा. मुलीनं टोक कागदाला लावलं की भळकन सगळी शाई खाली.

बाई मोठी हुशार. नकार द्यायचा तिनं आणि पाप लागायचं पेनाला.

प्रेरणा या घरात भरलेल्या पेननं आली. थोरला मुलगा चंद्रशेखर पुण्याला कंपनीत होता, त्याच्यासाठी ती पाहिली होती. बाप नसलेली, मान खाली घालून बसणारी, एवढं वच्छलाबाईंना पुरलं. लग्नानंतर चंद्रशेखर एकटाच पुण्याला गेला. "धाकट्याची बायको येऊ दे, मंग तू जाजो," असं प्रेरणाला सांगण्यात आलं. तिनं मान हलवली आणि गोठ्याकडे वळली. चंद्रशेखर दिवाळीला यायचा, आईच्या हातचं खायचा, परत जायचा. त्या बिचाऱ्याला बिचारं म्हणण्यापलीकडे काही म्हणता येत नाही.

धाकटा गोकुळ. त्याच्या मनात अर्पिता होती. जानेफळची, चिखलीच्या कॉलेजात त्याच्या वर्गात. पोरगा सरळमार्गी. पळून जायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्यानं आईला सगळं सांगितलं, रीतसर मुलगी आणायला लावली आणि स्वतः नवा शर्ट घालून बसला. तिथेच चुकला. वच्छलाबाईंचा हिशेब सोपा होता. जी पोरगी आधीच पोराच्या मनात बसली, ती सासूच्या हाताखाली बसत नसते.

अर्पितानं श्री काढला आणि श्रीवरच पेन ओकला. तिनं घाबरून ओढणीनं कागद पुसायला घेतला, तशी शाई अजून पसरली. तिचे वडील उठून उभे राहिले. गोकुळनं बापाकडे पाहिलं. रामराव म्हणाले, "पेनानं नाई म्हटलं, बाबू. त्याच्यापुढं आपण कोण?" आणि गोकुळ गप्प बसला, याचा मला आजही राग येतो. पण तो लहानपणापासून त्या पेनाच्या पाया पडत आला होता. अर्पिताचं त्याच हंगामात अकोल्याला लग्न झालं.

पेन अर्पितासमोर ओकला त्या दिवशी वच्छलाबाई पाहुण्यांना वाटेला लावायला फाटकापर्यंत गेल्या होत्या, म्हणून सांडलेली शाई पुसायचं काम प्रेरणाकडे आलं. तिनं पेन उचलला. पोट जवळजवळ रिकामं. टोपण अजून गार, आणि टोपणाच्या पट्टीत ओली वाळू अडकलेली. प्रेरणा विज्ञान शाखेची पदवीधर होती, हे त्या घरात सगळे विसरले होते. पेन पुसून तिनं देव्हाऱ्यात ठेवला.

नंतरही दोन-तीन मुली आल्या. एक सावळी होती, एक मोठ्यानं हसली. पेन ओकत राहिला. मग मुली यायच्याच बंद झाल्या. जमाना फिरला. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी देईना कुणी, त्यात पेनाची परीक्षा देणार कोण? गोकुळनं पस्तिशी ओलांडली, कानशिलं पांढरी झाली. लग्नाच्या पंगतीत लोक त्याला चिडवायचे, "काय बे गोकुळ, पेनात शाई उरली का नाई?" तो हसून वाढप्याकडे भात मागायचा. वच्छलाबाईंना आता रात्र रात्र झोप यायची नाही. ज्या बाईनं पाच-सहा मुलींपुढे पेन ओकायला लावला, ती आता दिसेल त्या लग्नात पोरींच्या आयांच्या पाया पडत फिरू लागली.

आणि गेल्या सोयाबीनच्या हंगामात प्रेरणाची आई आजारी पडली. भावाचा फोन आला, ताई, आजच निघ. प्रेरणा पिशवी भरून उभी राहिली. अंगणात मळणीयंत्र चालू होतं, मजुरांचा स्वयंपाक होता. वच्छलाबाई धान्य पाखडता पाखडता म्हणाल्या, "आता जाशीन अन् मेल्यावर पुन्हा जाशीन. दोन दोन खेपा कायले? मेल्यावरच जाजो, एकदाच जाणं होईन."

प्रेरणा एकदाच गेली.

या उन्हाळ्यात शेवटी एक स्थळ आलं. रोहिणखेडची दुर्गा. एकदा सोडचिठ्ठी झालेली, स्वतःचं शिवणाचं दुकान चालवणारी, नजरेला नजर देऊन बोलणारी. जुन्या दिवसांत वच्छलाबाईंनी तिला फाटकातूनच परत धाडलं असतं. आता त्या देव्हाऱ्यासमोर नवस बोलल्या. तिचे मामा उत्तमराव फोनवर म्हणाले होते की मुलीला गोकुळ पसंत आहे, पेनाचं काय ते एकदा उरकून घ्या. गोकुळनं कित्येक वर्षांनी नवा शर्ट आणला. तो घालून तो सकाळीच ओसरीवर येऊन बसला, आणि प्रेरणाला म्हणाला, "वहिनी, हे बरी वाटून राह्यली मले. पेनानं चालावं फक्त."

वच्छलाबाईंनी त्या सकाळी पेन असा भरला की झाकण लावताना शाई आट्यांतून वर आली. बोटं निळी करून, समाधानानं पेन देव्हाऱ्यात ठेवून त्या आंघोळीला गेल्या.

प्रेरणानं पेन उचलला. स्वयंपाकघराच्या मोरीत तिनं तो उलटा केला, तळाला थोडी शाई ठेवली, बाकी ओतली, मोरीवर पाणी मारलं. माठाखालची वाळू हे जुन्या लोकांचं काम. तिनं पेन फ्रिजमध्ये ठेवला, कोथिंबिरीच्या जुडीमागे. गाडीचा आवाज आला तेव्हा पुसून पुन्हा देव्हाऱ्यात.

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करू नये असं म्हणतात. दुर्गा या घरात आली असती तर प्रेरणा पुण्याला सुटली असती. हे तिला कळत होतं, आणि गोकुळनं तिचं कधी वाईट केलं नाही हेही कळत होतं. पण सासू आंघोळीहून ओले केस झटकत, गुणगुणत बाहेर आली, आणि प्रेरणाला वाटलं, नाक गेलं तरी चालेल.

पोहे झाले, चहा झाला. दुर्गा पिवळ्या साडीत सतरंजीवर बसली होती. रामरावांनी तिच्या हातात पेन दिला आणि कथा सुरू केली. किसनराव, त्यांनी या पेननं केलेली ती पहिली सही, पेन खोटं बोलत नाई, सगळं. वच्छलाबाईंनी कागद आधीच पुढ्यात ठेवला होता. त्या मध्येच म्हणाल्या, "आता पुरे ना हो, लिहू द्या पोरीले."

"अहो असू द्या," उत्तमराव अदबीनं म्हणाले. "मोठ्या माणसाची आठवण आहे. सांगा तुम्ही."

रामरावांना तेवढंच हवं होतं. दुर्गानं पेन मुठीत धरून ठेवला. पत्र्याखाली पंखा गरम वारा घालत होता. दारात उभ्या प्रेरणानं तिच्या मुठीवरची नजर काढली नाही.

कथा संपली. दुर्गानं टोपण काढलं, कागदावर वाकली, अर्धा श्री काढला आणि पेन ओकला. कागदावर, बोटांवर, पिवळ्या साडीच्या निऱ्यांवर.

दुर्गा शांतपणे म्हणाली, "साडी धुतली का डाग जाते." गोकुळचा चेहरा मात्र मेल्यासारखा झाला. रामरावांनी उसासा टाकला.

"पेनानं नाई म्हटलं. काय करता?"

"अवो राहू द्या," वच्छलाबाई एकदम पुढे झाल्या. "पेनच तो. शाई कमी असन त्याच्यात."

"कमी शाईनं कुठं ओकते?" उत्तमरावांनी सहज विचारलं. "उलट जास्ती झाल्यावर ओकला पाह्यजे."

"नाई हो भाऊ, तसं नसते. शाई कमी असली का पोटात हवा राह्यते. हाताची गरमी लागली का हवा फुगते, अन् शाई बाहेर येते. गळ्यालोक भरला त नाई ओकत. पोरीचा काई दोष नाई त्याच्यात. म्या आताच भरून देतो, पुन्हा लिहू द्या."

स्थळ वाचवायच्या नादात त्या एवढं भरभर बोलल्या की आपण काय बोललो ते त्यांना मागून ऐकू आलं. हात ड्रॉपरकडे गेला होता, तो तिथेच थांबला.

गोकुळ आईकडे पाहत होता. त्यानं आवाज चढवला नाही.

"आई, घरात पेन कोण भरते?"

वच्छलाबाईंनी पुढे गेलेला हात पदरात ओढून घेतला.

"तूच भरतं ना? मंग अर्पिताच्या टाइमाले किती भरला होता?"

रामराव दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. वच्छलाबाईंनी आज पेन काठोकाठ भरला होता, ही गोष्ट खरी होती, आणि ती आता जगात कुणीही मानणार नव्हतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. प्रेरणा पोह्यांच्या बशा एकात एक रचत होती. वच्छलाबाईंना त्या क्षणी सगळं कळलं. पण सुनेनं हे केलं म्हणून ओरडायचं, तर ते कसं करतात हे स्वतःलाच कसं ठाऊक, तेही सांगावं लागणार.

दुर्गा उठली, निऱ्या सावरल्या. "मामा, चला," ती म्हणाली. "एकदा झालं माह्यं." जाताना तिनं गोकुळकडे थांबून पाहिलं, त्याच्या नव्या शर्टाकडेही पाहिलं. तो काही म्हणाला असता तर कदाचित ती थांबली असती. तो आईकडेच पाहत होता. गाडी फाटकाबाहेर पडली.

मग गोकुळ उठला. त्यानं पेन उचलला, नळाखाली धुतला, ड्रॉपरनं मोजकी शाई घातली. माठात तांब्या बुडवून थंड पाणी काढलं आणि झाकण घट्ट लावून पेन त्या तांब्यात सोडला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आईनं आत्ताच पाहुण्यांना शिकवलं होतं, तेवढं त्याला पुरलं. सगळे बसून राहिले. वच्छलाबाई म्हणाल्या, "बाबू, चार घास खाऊन घे." तो म्हणाला, "थांब व माय. कागद आणतो."

त्यानं खरंच कागद आणला. पेन पुसून आईच्या हातात दिला, आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून बसला. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, पोरगा आईचे हात धरून माफी मागतोय. वच्छलाबाई सुटायला धडपडल्या, पण शेतात राबलेले हात होते ते. त्या रडू लागल्या तरी त्यानं सोडलं नाही. पुरेसं झालं असं वाटल्यावर त्यानं टोपण काढलं आणि म्हणाला, "लिह्य. श्री काढ, मंग तुहं नाव."

त्यांनी श्री काढला. नावातला व काढेपर्यंत पेननं धीर धरला, आणि मग ओकला. तळहात, मनगट, बांगड्या, सगळं निळं झालं.

"बाबा," गोकुळ म्हणाला, "पाहा, काय म्हणते पेन?"

रामराव कागदावर वाकले. हवा फुगते, शाई ढकलते, हे सगळं त्यांच्याच कानांवर पडलं होतं, घटकाभरापूर्वी, त्यांच्याच बायकोच्या तोंडून. पण ज्या देवाच्या पायी आपण मुलाचं आयुष्य घातलं, तो देव नव्हताच असं या वयात म्हणायची त्या माणसात ताकद नव्हती. बायकोला टाकणं त्यापेक्षा सोपं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नाई म्हणते," ते म्हणाले.

गोकुळ उठला, नवा शर्ट काढून खुंटीला टांगला आणि बनियनवरच शेताकडे निघून गेला. रामरावांनी कागदाची घडी घालून ती देव्हाऱ्याखाली सारली.

"सूनबाई," ते वच्छलाबाईंकडे न बघता म्हणाले, "आजपासून पेन तू भरत जाजो."

"हाव, मामाजी," प्रेरणा म्हणाली.

तिनं सासूच्या निळ्या हातातून पेन काढून घेतला. नळाखाली निब धुतली, जीभ धुतली, दाते धुतले, कोरडे केले. शाईची बाटली आणि ड्रॉपर घेऊन ती वच्छलाबाईंसमोर येऊन बसली, अगदी जवळ, आणि अदबीनं विचारलं,

"आत्याबाई, किती भरू?"